साथीला दम्याची साथ नको

मार्च २०२० नंतरचे कित्येक महिने महाराष्ट्रात चारचौघांत खोकणं हा जवळजवळ गुन्हा होता. किराण्याच्या रांगेत कुणी शिंकलं की माना वळायच्या, लिफ्टमध्ये कुणाला ठसका लागला की बाकीचे पुढच्याच मजल्यावर उतरून जायचे. ज्यांच्याकडे माना वळत होत्या त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं जुनंच होतं: पावसाळा सरताना दरवर्षी येणाऱ्या शिंका, ऋतू पालटताना भरून येणारी छाती. हा संशय सोसणं अवघड होतंच, पण त्याने कुणाचा जीव जात नव्हता. जिवावर बेतणारी गोष्ट दुसरीच होती. ‘दम्याच्या पंपात स्टेरॉइड असतं, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती घटते आणि ती घटली की कोरोना धरतो’ अशी एक समजूत त्या काळात घरोघर फिरत होती. वरकरणी ती अगदी तर्कशुद्ध वाटते, आणि म्हणूनच शिकल्यासवरल्या घरांतही पंप कपाटात जाण्याची भीती होती. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेला २०२० मध्ये मुद्दाम सांगावं लागलं की रोजचा पंप थांबवू नका. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढे जाणारं आहे. श्वसनाच्या विषाणूची साथ कोणतीही असो, दमेकऱ्याचं पहिलं संरक्षण म्हणजे आटोक्यात असलेला दमा. ते संरक्षण साथ आल्यावर उभं करता येत नाही. आपल्याकडे ते साथ नसतानाही बहुतेकांच्या वाट्याला येत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

आधी पुरावा पाहू. कोरोना आला तेव्हा सगळ्यांनी, डॉक्टरांनीसुद्धा, धरून चाललं होतं की दमेकरी सर्वांत आधी बळी पडतील. फुप्फुसांचा आजार आणि फुप्फुसांवर जाणारा विषाणू, मग दुसरं काय होणार? प्रत्यक्षात चित्र वेगळं निघालं. इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासणारा ‘ओपनसेफली’चा अभ्यास २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वय, वजन, मधुमेह वगैरे हिशेबात धरल्यावर, ज्या दमेकऱ्यांना अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या नव्हत्या त्यांचा कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका दमा नसलेल्यांइतकाच होता. गोळ्या घ्याव्या लागलेल्यांचा मात्र किंचित जास्त होता. गोळ्या लागतात केव्हा? दमा हाताबाहेर गेला की. स्कॉटलंडमधल्या पाहणीने हीच रेघ आणखी ठळक केली. मागच्या दोन वर्षांत ज्यांना अशा गोळ्यांचे दोन किंवा अधिक कोर्स घ्यावे लागले होते, किंवा दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं, त्यांना कोरोनात दाखल होण्याची वेळ जास्त आली. म्हणजे दोष ‘दमा’ या शब्दात नव्हता, मोकाट सुटलेल्या दम्यात होता. अ‍ॅलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेतल्या पेशींवर ‘एसीई-२’ हे प्रथिन कमी आढळतं, आणि कोरोनाचा विषाणू पेशीत शिरायला नेमकं तेच दार वापरतो, असंही काही संशोधकांना दिसलं. हे कारण पूर्ण नसेल, पण गोष्ट वाटते तितकी सरळ नाही एवढं त्यातून कळतं.

यावर कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. कोरोनाने दमेकऱ्यांना फारसं धरलं नाही, तर एवढी काळजी कशाला? हा आक्षेप मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो एका विषाणूचा अनुभव सगळ्या विषाणूंना लावतो. फार मागे जायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्या साथीत जगभर जे लोक रुग्णालयात दाखल झाले, त्यांच्या जुन्या आजारांमध्ये दम्याचा क्रमांक फार वर होता. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस तर दमेकऱ्याचा जुना वैरी. लहान मुलांच्या दम्याच्या अटॅकमागे बहुतेक वेळा विषाणूच असतो आणि त्यांत पहिला मान याचा. कॅनडात दरवर्षी सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर मुलांच्या दम्याची लाट येते, तिला तिथले डॉक्टर ‘सप्टेंबरची साथ’ म्हणतात. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, एकाला दमा आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांना बरोबरच पाहिलं गेलं. सर्दी दोघांना सारखीच होत होती, पण दमेकऱ्याची सर्दी छातीत उतरत होती आणि जास्त दिवस टिकत होती. पुढची साथ कोणत्या विषाणूची येईल हे आज सांगता येत नाही. ती फ्लूच्या जातीची निघाली, तर २०२० चा दिलासा काही कामाचा नाही.

आता स्टेरॉइडच्या भीतीकडे वळू. ही भीती हवेतून आलेली नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. स्टेरॉइडचा वारेमाप वापर आणि अनियंत्रित साखर यांनी माणसांचे डोळे आणि जबडे गेले. त्याआधी वर्षभर, जून २०२० मध्ये, ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं होतं की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नव्हता. निष्कर्षाचा हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे अनेक चिठ्ठ्यांवर पोचलाच नाही. त्यामुळे लोकांच्या मनात ‘स्टेरॉइड’ हा एकच शब्द उरला, आणि एकाच शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी येऊन बसल्या. हिशेब करून पाहा. दम्यासाठी बुडेसोनाइडच्या पंपाची कमी मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. मोठ्या माणसाला अटॅक आल्यावर देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, म्हणून ही तुलना तंतोतंत धरू नये. पण पंपातलं औषध थेट श्वासनलिकेवर पडतं आणि रक्तात फार थोडं उतरतं, तर गोळी सगळ्या शरीरातून फिरते. खरा विरोधाभास असा की, स्टेरॉइडच्या धास्तीने जो रोजचा पंप सोडतो, तोच काही आठवड्यांनी गोळ्यांच्या किंवा सलाइनच्या मोठ्या मात्रेपर्यंत जाऊन पोचतो. थेंब नको म्हणून घागर डोक्यावर घ्यावी, तसा हा प्रकार.

पंपाची बाजू घेताना त्याची स्तुतीही मर्यादेत ठेवायला हवी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बुडेसोनाइडला अचानक भाव आला होता. ऑक्सफर्डच्या ‘स्टॉइक’ आणि ‘प्रिन्सिपल’ या चाचण्यांत, घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना ते ओढायला दिल्यावर बरं होण्याचा काळ कमी झालेला दिसला. ‘प्रिन्सिपल’मध्ये हा फरक सुमारे तीन दिवसांचा होता. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२१ मध्ये सौम्य पण लांबलेल्या आजारात त्याचा उल्लेख केला. नंतर अमेरिकेत त्याच कुळातल्या फ्लुटिकासोनची चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही. म्हणून पंप हे कोरोनावरचं औषध आहे असा दावा मी करणार नाही. तो दम्यावरचं औषध आहे, आणि त्याने दमेकऱ्याचं कोरोनात नुकसान झाल्याचा भक्कम पुरावा नाही, एवढंच म्हणणं पुरेसं आहे. मोठ्या मात्रेने तोंडात बुरशी येऊ शकते, आवाज बसतो. पंपानंतर खळखळून चूळ भरली की हे बहुतांशी टळतं. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं कायमची खराब झालेल्या रुग्णांत मोठ्या मात्रेच्या पंपाने न्यूमोनियाचं प्रमाण वाढतं, हेही खरं आहे. पण तो आजार वेगळा, त्याचा हिशेब वेगळा. दोन्ही आजारांना आपण बोलताना ‘दमा’च म्हणतो, त्यातून बरेच घोळ होतात.

साथ नसतानाचं आपलं चित्र कसं आहे ते पाहिलं की पंप सोडण्याची एवढी चिंता का, हे कळेल. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. आपला दमा इतरांच्या दम्यापेक्षा क्रूर आहे असं मानायला काही कारण नाही. आपले उपचार तोकडे आहेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांच्यासह देशभरच्या संशोधकांनी सव्वा लाखाहून अधिक मुलं आणि त्यांच्या पालकांची पाहणी केली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांना दमा असल्याचं कुणी सांगितलेलंच नव्हतं. लक्षणं तीव्र असलेल्यांतही ७० टक्क्यांचं निदान झालं नव्हतं. आणि निदान झालेल्यांतही रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे १० टक्क्यांहून कमी. याची कारणं दवाखान्याइतकीच घरातही आहेत. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही वाक्यं कुणाच्या कानावरून गेलेली नाहीत? मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिचा पंप पर्सच्या तळाशी राहतो. डॉक्टरही रुग्ण दुखावू नये म्हणून ‘दमा’ हा शब्द टाळतात आणि ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’ लिहून देतात. मग आजार तात्पुरता वाटतो आणि औषधही तात्पुरतंच घेतलं जातं. हाताशी उरतो तो निळा पंप. त्यातलं सालब्युटामॉल आवळलेली नळी दहा मिनिटांत मोकळी करतं, म्हणून तो लाडका. पण नळीची सूज त्याने उतरत नाही. नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नका, असं ‘जिना’ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याकडची जनता मात्र निळ्या पंपावर, आणि तोही नसेल तर मेडिकलमधून मागून घेतलेल्या गोळीवर चालते.

दम्याच्या वरच्या मजल्यावर नाक आहे, आणि परागकण आधी तिथे पोचतात. पराग म्हटलं की आपल्याला गुलमोहर आठवतो, पण त्याचे पराग जड असतात. ते कीटक आणि पक्षी नेतात. डोळ्यांत न भरणारी फुलंच नाकाला जास्त छळतात: पावसाळ्यानंतर माळावर तुऱ्यावर येणारी गवतं, थंडी सरताना फुलणारी वावळ, वेडी बाभूळ. आणि अर्थात गाजर गवत. ज्याला काही भागांत काँग्रेस गवत आणि काही भागांत चटक चांदणी म्हणतात, त्या वनस्पतीची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ती आली असं मानतात. आज रिकामा प्लॉट, रेल्वेचा रूळ, शेताचा बांध तिच्यावाचून दिसत नाही. कोकणात आणि गोव्यात परागापेक्षा भिंतींवरची बुरशी आणि गादीतले धुळीचे किडे जास्त त्रास देतात. पावसाचे चार महिने त्यांचेच. शरद पौर्णिमेच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथा आपल्याकडे अनेक गावांत आहे. त्या औषधाचं मला काही सांगता येणार नाही, पण दमा ऋतूबरोबर हलतो ही गोष्ट लोकांनी फार पूर्वी हेरली होती असं त्यावरून म्हणायला हरकत नाही.

पराग आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध आहे का? मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात ३१ देशांतल्या १३० ठिकाणांचा अभ्यास आला. हवेत पराग वाढले की काही दिवसांत कोरोनाचं प्रमाण वाढलेलं त्यांना दिसलं, आणि संसर्गदरातल्या चढउतारांपैकी सरासरी ४४ टक्के भाग परागांशी जुळत होता. त्याच गटाने आधी प्रयोगशाळेत दाखवलं होतं की परागांच्या संपर्काने नाकातल्या पेशींची विषाणूविरुद्धची पहिली हाक मंदावते, आणि हे अ‍ॅलर्जी नसलेल्यांतही घडतं. संशोधन महत्त्वाचं आहे, पण त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. परागांचा काळ हा सुखद हवेचाही काळ असतो. लोक बाहेर पडतात, भेटतात. भारताची पहिली लाट सप्टेंबर २०२० मध्ये शिखरावर होती, नेमकी गवतं तुऱ्यावर येण्याच्या सुमारास. नातं जोडण्याचा मोह होईल. पण दुसरी, कितीतरी भीषण लाट एप्रिल-मे २०२१ मध्ये आली, तेव्हा माळावरची गवतं वाळून कोळ झाली होती. तिच्यामागे डेल्टा होता आणि गर्दी होती. तेव्हा पराग हे साथीचं कारण नव्हेत. इतकं मात्र ठामपणे म्हणता येईल की सुजलेलं, वाहणारं, सतत चोळलं जाणारं नाक विषाणूला घेण्यासाठीही सोयीचं आणि देण्यासाठीही. ज्याला बाधा झाली आहे पण अजून कळलेलं नाही असा माणूस अ‍ॅलर्जीने दिवसाला चाळीस शिंका देत असेल, तर तो चाळीस वेळा हवेत फवारा सोडतो. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवणं म्हणून शेजाऱ्यांच्याही हिताचं आहे. मास्क तर पराग आणि विषाणू दोन्ही अडवतो. २०२० मध्ये इस्रायलमधल्या परिचारिकांच्या पाहणीत मास्क वापरणाऱ्यांपैकी अनेकींचा नाकाच्या अ‍ॅलर्जीचा त्रास कमी झालेला आढळला.

शिंक अ‍ॅलर्जीची की विषाणूची, हे ओळखणं अवघड आहे असं सांगून लोक हात वर करतात. तितकं ते अवघड नाही. अ‍ॅलर्जीत खाज असते. नाकाला, डोळ्यांना, टाळूला. शिंका ओळीने येतात, पाणी पातळ असतं, ताप नसतो, आणि मागच्या वर्षीही याच महिन्यात हेच झालेलं असतं. विषाणूत अंग मोडून येतं, ताप येतो, घसा दुखतो; कोरोनात नाक चोंदलेलं नसतानाही एकाएकी वास गेला. दमा निळ्या पंपाने काही मिनिटांत हलका होतो, न्यूमोनियाची धाप होत नाही. मात्र दोन्ही एकाच वेळी असू शकतात. खरी फसवणूक तिथे होते, म्हणून शंका असेल तर चाचणीला पर्याय नाही. दुसऱ्या लाटेत घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरबद्दलही एक सांगायला हवं. कोरोनाच्या न्यूमोनियात तो लवकर इशारा देतो. दम्याच्या अटॅकमध्ये ऑक्सिजन शेवटी शेवटी घसरतो, तोवर माणूस थकून गेलेला असतो. ‘९६ आहे, काळजी नाही’ असं म्हणत वाक्य पुरं करता न येणाऱ्या दमेकऱ्याला घरी बसवून ठेवणं जिवावर बेतू शकतं. दम्यासाठी त्यापेक्षा उपयोगी यंत्र म्हणजे फुंकर मारून मोजायचा साधा पीक फ्लो मीटर. तो किती घरांत आहे?

साथीत आपण घरात काय काय केलं तेही जरा आठवावं. दिवसातून पाच वेळा वाफारा, कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी, धूप, कडुलिंबाचा धूर, फरशीवर ब्लीचिंग. २०२० च्या सुरुवातीला तर माणसांवरच सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे मारणारे बोगदे उभे राहिले. एप्रिलमध्ये केंद्राला सांगावं लागलं की हे करू नका. फरशीवरचं ब्लीचिंग सोडलं, तर यातल्या कशाने विषाणूला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. दमेकऱ्याच्या नळ्यांना मात्र धूर आणि क्लोरीनचा वास खात्रीने डिवचतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. नेब्युलायझरचंही तसंच. आपल्या दवाखान्यांत धाप लागलेल्याला मशीन लावणं ही जणू रीतच आहे. रुग्णालाही त्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाहीत. साथीत मात्र मशीनमधून उडणारे कण खोलीभर पसरण्याची भीती असते. सौम्य आणि मध्यम अटॅकमध्ये पंप आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, ही जोडी मशीनइतकाच गुण देते, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. स्पेसर महाग वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं की ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला नीट भोक पाडून पंप घट्ट बसवला, तर मुलांमध्ये ती बाजारातल्या स्पेसरइतकीच चालते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही बाटली का दिसू नये, याला माझ्या मते एकच उत्तर आहे: स्वस्त उपाय कुणाला उपाय वाटत नाही.

आणखी एक आक्षेप अभ्यासू मंडळींकडून येतो, आणि तो हलका नाही. टाळेबंदीत अनेक देशांत दम्याचे अटॅक कमी झाले. इंग्लंडमध्ये घटले, इतरत्रही घटले. मग औषधापेक्षा मास्क, मोकळे रस्ते आणि बंद शाळा यांनीच काम केलं, असं का म्हणू नये? काही अंशी म्हणावंच. सर्दीचे विषाणू फिरले नाहीत, धूर कमी झाला, त्याचा वाटा मोठा असणार. पण त्याच काळात अमेरिकेत, पंपाला जोडलेल्या सेन्सरच्या नोंदींवरून, जानेवारी ते मार्च २०२० या काळात रोजचा पंप नियमित घेण्याचं प्रमाण १४.५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तिथे भीतीने लोक पंपाकडे वळले. आपल्याकडे तीच भीती लोकांना पंपापासून दूर नेणारी होती. शिवाय टाळेबंदी हा कायमचा उपचार होऊ शकत नाही. शाळा उघडतात, धुरकं परत येतं, मास्क खिशात जातात. तेव्हा हाताशी उरतो तो पंपच.

आता सरकारचा वाटा. गरीब दमेकरी व्हेंटिलेटरवर गेला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत त्याच्या मदतीला येतात, आणि ते चांगलंच आहे. पण या योजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या. त्याला तिथे जाऊच न देणारा पंप त्यांच्या कक्षेत बसत नाही. पंप काही शे रुपयांचा, अतिदक्षता विभागातला एक दिवस कित्येक हजारांचा. राज्य जो खर्च टाळू शकतं तोच आनंदाने करतं, असा हा हिशेब आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून दमा कागदावर आला आहे. कागदावरून तो उपकेंद्राच्या फडताळात यावा. मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी आता खेड्यातही महिन्याची महिन्याला मिळू लागली आहे. स्टेरॉइडचा पंप तसाच मिळायला हवा, आणि तो कसा ओढायचा हे आशाताईंना शिकवलेलं असायला हवं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला. म्हणजे घरोघर जाण्याची ताकद या यंत्रणेत आहे. तेच पाय साध्या दिवसांत ‘रात्री छाती वाजते का?’ एवढा एक प्रश्न विचारत फिरले, तर निदानाविना राहिलेल्या ८२ टक्क्यांतले कितीतरी सापडतील. परागांचं म्हणाल, तर चंडीगडने २०२२ मध्ये आपलं पराग-पंचांग तयार केलं, कोणत्या महिन्यात कोणती वनस्पती नाकाला झोंबते त्याचं. पुणे आणि नागपूरसारख्या शहरांतल्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, माणसं आहेत. हवेतल्या धुळीचा आकडा रोज सकाळी मोबाइलवर येतो. त्याच्या शेजारी गवताच्या परागांचा एक आकडा यायला फार मोठ्या निधीची गरज नाही.

लसीबद्दल थोडक्यात. धुळीची, परागांची किंवा दम्याची तक्रार हे कोरोनाची लस टाळण्याचं कारण नव्हतं आणि नाही; ज्याला लसीतल्याच एखाद्या घटकाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन आली आहे, त्याची गोष्ट वेगळी. दमेकऱ्याने फ्लूची लस दरवर्षी घ्यावी, हा सल्ला कोरोनाच्या आधीपासूनचा आहे आणि आपल्याकडे तो आजही अनेकांपर्यंत पोचलेला नाही.

घरात कुणाला दमा असेल तर आज संध्याकाळी एवढं करा. त्यांचे पंप हातात घ्या आणि निळ्या पंपाखेरीज दुसरा पंप आहे की नाही ते पाहा. असेल तर त्यावरची तारीख आणि उरलेल्या मात्रांचा आकडा वाचा, आणि तो रोज घेतला जातो का ते विचारा. नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याचं कारण विचारा.